दिवाळखोरीनंतर क्रेडिट कार्ड मिळेना? नकाराची पत्रं आधी वाचा

"कोर्टाने कर्जं माफ केली, मग कार्डवाले अजून नाहीच का म्हणतात?" अमेरिकेत चॅप्टर ७ खाली, म्हणजे कोर्टाकडून कर्जं माफ करून घेण्याच्या कायद्याखाली, दिवाळखोरी घेतलेल्या एका बाईंचा हा प्रश्न. डिस्चार्जचा, म्हणजे कर्जमाफीचा, आदेश मिळून तीन महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी पाच कार्डांसाठी अर्ज केले आणि पाचही फेटाळले गेले.

त्यांना नकाराची पत्रं आणायला सांगितलं. तीन तर उघडलेलीही नव्हती. अर्ज का नाकारला हे कळणं हा अर्जदाराचा कायदेशीर हक्क आहे, आणि ज्या क्रेडिट ब्युरोचा (लोकांच्या उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा) रिपोर्ट पाहून नकार दिला त्याच्याकडून ६० दिवसांत तो रिपोर्ट फुकट मागवता येतो. दोन पत्रांत कारण दिवाळखोरीचं होतं. त्यातली एक बँक तीच, जिचे पैसे या दिवाळखोरीत बुडाले. अशी बँक जुना हिशेब सहसा विसरत नाही. तिच्या दारात वर्षानुवर्षं न गेलेलंच बरं. उरलेल्या तिघांनी मात्र 'थकीत खाती' असं लिहिलं होतं. माफ झालेलं कर्ज थकीत कसं?

इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट काढले. एकावर दोन जुनी कार्डं अजून बाकीसकट उभी होती. डिस्चार्जनंतर तिथे 'दिवाळखोरीत समाविष्ट' आणि बाकी शून्य दिसायला हवी. कोर्ट हे स्वतःहून ब्युरोला कळवत नाही. मग डिस्चार्जच्या आदेशाची आणि ज्यांचं देणं होतं त्यांच्या, कोर्टात दिलेल्या यादीची प्रत जोडून त्या ब्युरोकडे तक्रार केली. तपासाला साधारण ३० दिवस मिळतात, क्वचित ४५. बाकी शून्य झाली. पण आधी चुकलेल्या हप्त्यांच्या नोंदी सात वर्षं राहतात आणि चॅप्टर ७ ची नोंद दहा वर्षं, तीही डिस्चार्जपासून नव्हे, अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून. 'सगळं पुसून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा.

तोवर नवा अर्ज बंद. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर दोन वर्षं दिसते. आधी पात्रता तपासून पाहण्याची सोय असेल तर तीच वापरावी, तिने क्रेडिट स्कोअरला (रिपोर्टवरून ठरणाऱ्या पतीच्या गुणांना) धक्का लागत नाही.

मग एकच सिक्युअर्ड कार्ड, म्हणजे आधी तारण रक्कम ठेवून मिळणारं, २०० डॉलर डिपॉझिटचं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारल्या: व्यवहार तिन्ही ब्युरोंना कळवता का, वार्षिक फी किती, आणि पुढे डिपॉझिट परत देऊन साधं कार्ड करता का. प्रीपेड कार्ड यात चालत नाही, कारण त्यात उधारीच नसते. त्यांच्याकडे टपालाने एक ऑफरही आली होती: मर्यादा ३०० डॉलर, पहिल्या वर्षाची फी ७५. हे कायद्यात बसतं, कारण पहिल्या वर्षी मर्यादेच्या २५ टक्क्यांपर्यंत फी लावता येते. पण कार्ड हातात पडतं तेच २२५ चं. डिपॉझिट निदान आपलं तरी असतं.

अर्जात उत्पन्नाच्या रकान्यात त्यांनी फक्त स्वतःचा अर्धवेळ पगार लिहिला होता. वय २१ किंवा अधिक असेल आणि जोडीदाराचं उत्पन्न घरखर्चाला हाताशी येत असेल, तर तेही धरता येतं.

दोन महिन्यांनी त्या वैतागून आल्या: "दर महिन्याला पूर्ण बिल भरते, तरी स्कोअर खाली!" बिल वेळेवर होतं, पण २०० च्या कार्डावर १७० चा किराणा होत होता. बहुतेक बँका ब्युरोला कळवतात तो आकडा स्टेटमेंट निघालेल्या दिवसाचा. नंतर भरलेले पैसे त्यात दिसत नाहीत. म्हणजे मर्यादेचा वापर ८५ टक्के दिसतो, आणि त्याने स्कोअर उतरतो. उपाय साधा: स्टेटमेंटच्या तीन-चार दिवस आधी दहा-पंधरा डॉलर ठेवून बाकीचं भरायचं आणि उरलेल्यासाठी पूर्ण रकमेचा ऑटोपे लावायचा. थोडी बाकी पुढच्या महिन्यात ओढली की स्कोअर वाढतो, ही समजूत चुकीची आहे. त्याने फक्त व्याज वाढतं.

नवव्या महिन्यात बँकेने डिपॉझिट परत केलं आणि तेच कार्ड साधं झालं. दुसऱ्या कार्डाचा विषय त्यानंतर काढला.

चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे कर्ज हप्त्यांनी फेडायच्या दिवाळखोरीत, हप्ते अजून चालू असतील, तर यातलं काहीही करण्याआधी आपल्या वकिलाला विचारा. त्या काळात नवी उधारी घ्यायला सहसा ट्रस्टीची (हप्ते सांभाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याची) किंवा कोर्टाची परवानगी लागते.