वाचकांचे प्रश्न : रूळ धरून ठेवणारी क्लिप

प्रश्न : आमचे घर कळव्यात रेल्वेमार्गालगत तिसऱ्या मजल्यावर आहे. रोज सकाळी केशरी जाकीट घातलेला एक मनुष्य हातोडा घेऊन रुळांतून ठाण्याच्या दिशेने चालत जातो, मध्येच वाकतो, दोन ठोके घालतो आणि पुढे निघतो. माझा मुलगा म्हणतो, की आता सगळी तपासणी यंत्रे करतात आणि हा फक्त मागे उरलेला रिवाज आहे. नोकरीभर लोकलने प्रवास केलेल्या मला ते पटत नाही. तो नेमके काय ठोकतो, आणि त्याने काही फरक पडतो का? – एक वाचक, कळवा

उत्तर : त्या गृहस्थांना रेल्वेत ‘कीमन’ म्हणतात. लोखंडी स्लीपरवर (म्हणजे रुळांखालच्या आडव्या आधारावर) रूळ पाचरीसारख्या चाव्या ठोकून घट्ट केले जात, त्या काळातले हे नाव आहे. चाव्या बहुतेक ठिकाणांहून गेल्या, नाव मात्र टिकले. आज काँक्रीटच्या स्लीपरवर रुळाच्या दोन्ही अंगांना पोलादी सळई वळवून केलेली, हातात सहज मावणारी क्लिप असते आणि ती रुळाचा पाया साधारण ८५० ते १,१०० किलो भाराने खाली दाबून धरते. एका स्लीपरवर अशा चार क्लिपा बसतात. मुख्य मार्गावर किलोमीटरला सर्वसाधारणपणे १,६६० स्लीपर असतात; म्हणजे एकाच मार्गाच्या एका किलोमीटरमध्ये ६,६४० क्लिपा झाल्या. त्यांतली सैल झालेली, सरकलेली किंवा निघून पडलेली क्लिप ठोकून जागेवर बसवणे हे त्यांच्या कामांपैकी एक काम आहे.

आपण पूर्वी लोकलने जात होता, तेव्हाचा तो ठेक्यातला खडखडाट आठवत असेल. १३ मीटरचे रूळ फिशप्लेटने, म्हणजे बाजूने लावलेल्या पोलादी पट्ट्यांनी, जोडताना मध्ये थोडी फट ठेवत, कारण तापमान ३० अंशांनी वाढले तर एवढा रूळ जवळजवळ साडेचार मिलिमीटर लांबतो. चाक त्या फटीवरून जाताना आवाज होई. आता रूळ एकमेकांना वितळजोड देऊन सलग केले जातात आणि प्रवास शांत झाला. पण लांबण्याची ओढ काही कुठे गेली नाही, ती फक्त अडवून ठेवलेली आहे. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ ठरावीक तापमानापेक्षा एका अंशाने जास्त तापला, तर त्याच्या आत सुमारे १.९ टन दाब साठतो. वीस अंशांच्या वाढीला हा आकडा ३८ टनांवर जातो, आणि मे महिन्यातल्या दुपारी वीस अंशांची वाढ म्हणजे काही फार नव्हे. हा दाब पेलते कोण, तर क्लिपांनी स्लीपरला जखडलेला रूळ आणि स्लीपरला चहूबाजूंनी आवळून बसलेली टोकदार खडी. (खडी गोलगोट्यांची का नसते, असे अनेक जण विचारतात, गोटे एकमेकांत अडकत नाहीत, घरंगळतात, म्हणून.)

आता आपल्या प्रश्नाचा खरा गाभा. एक क्लिप निघाली म्हणून गाडी घसरत नाही. शेजारच्या क्लिपा तिचा भार वाटून घेतात, आणि नेमके यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. काही बिघडले नाही, हा अनुभव माणसाला रोज मिळत राहतो. पण ओळीने अनेक क्लिपा ढिल्या झाल्या, तर तापलेला रूळ आडवा वाकायला वाव मिळतो, आणि थंडीत आक्रसताना तो तुटला तर तुटलेली टोके एकमेकांपासून अधिक दूर सरकतात. मोठा बिघाड आणि छोटी ढिलाई यांच्यामध्ये जे दिवस जातात, त्या दिवसांतच ती ढिलाई हेरणे हे कीमनचे काम, असे मी म्हणेन. कळवा-ठाण्याच्या पट्ट्यात खाडीची खारी हवा असल्याने गंज हाही शत्रूच आहे. म्हणून क्लिपा काढून, साफ करून, ग्रीस लावून पुन्हा बसवाव्या लागतात.

आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अर्धे खरे आहे. रुळाच्या पोटातली भेग डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी ध्वनिलहरींची यंत्रे लागतात आणि ती वापरलीही जातात. पण ती यंत्रे त्याच जागेवर रोज येत नाहीत. कीमन मात्र आपला हद्दीतला मार्ग रोज पाहतो: जाताना एका रुळाच्या कडेने आणि परतताना दुसऱ्या रुळाच्या कडेने. त्याच्याजवळ लाल झेंडी आणि रुळावर लावायचे फटाकेही असतात. रूळ तुटलेला आढळला, की तो प्रथम गाडी थांबवण्याच्या मागे लागतो. त्यासाठी ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन फटाके लावायचे असतात. त्यांच्यावरून इंजिन गेले, की होणारा आवाज चालकाला थांबण्याचा इशारा देतो. तेव्हा खांद्यावरचा हातोडा हा त्याच्या जबाबदारीचा केवळ आपल्याला दिसणारा भाग समजावा.

प्रश्न : घरात नेहमी डोळ्यांसमोर असूनही न पाहिली जाणारी अशी एखादी गोष्ट सांगाल का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याखाली उभ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, उदाहरणार्थ ‘सी-२८’. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. ती तिमाही उलटली, की सिलिंडरची दाबचाचणी झाल्याखेरीज तो वापरात राहू नये. सिलिंडर पोचवणारे घाईत असतात, आपणही पैसे देण्यात गुंतलेलो असतो, त्यामुळे ते वाचायला लागणारे दोन सेकंद कुणाला सापडत नाहीत. मुदत उलटलेली दिसली, तर सिलिंडर आत घेण्याआधीच बदलून मागावा.