वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : अंगावर पाजणारी आई आणि नॅनोकण

प्रश्न : मी रंगांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बाळंतपणाची रजा संपून कामावर रुजू झाले, त्याला तीन आठवडे झाले. बाळ पाच महिन्यांचे असून पूर्णपणे माझ्या दुधावर आहे. टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर तोलून ती रेझिनमध्ये मिसळणे हे माझे रोजचे काम आहे आणि त्या पावडरीच्या पिशवीवर ‘नॅनो’ असे छापलेले आहे. मी वापरते त्या सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आहेत. शिवाय एका मैत्रिणीने चांदीचा लेप दिलेले ब्रेस्ट पॅड भेट दिले आहेत. हे कण दुधात उतरतात असे वाचल्यापासून बाळाला पाजायला घेतले की मनात पाल चुकचुकते. दूध तोडून बाळाला बाटलीवर घ्यावे का?

उत्तर : दूध तोडू नका. तुमच्या पत्रातल्या तिन्ही गोष्टींवर ‘नॅनो’ हा एकच शिक्का असला, तरी त्यांपासूनचा धोका सारखा नाही. सर्वाधिक लक्ष पावडरीकडे द्यायला हवे, ब्रेस्ट पॅड सरळ बाजूला ठेवायला हवेत आणि सनस्क्रीनची काळजी जवळजवळ सोडून द्यायला हरकत नाही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. सुमारे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणाला नॅनोकण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या घरात असते. मात्र आकार लहान आहे एवढ्यावरून कण घातक ठरत नाही. आईच्या दुधातील केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म गोळेसुद्धा याच आकाराच्या आसपासचे असतात आणि बाळ ते रोज पिऊन पचवते. म्हणून पाहायचे ते असे, की कण शरीरात कोणत्या वाटेने शिरतो, किती प्रमाणात शिरतो आणि शिरल्यावर विरघळतो की तसाच साचून राहतो. टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही, झिंक ऑक्साइड बऱ्यापैकी विरघळते आणि चांदी हळूहळू आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, रूपात सुटत जाते.

रक्तातून दुधात जाण्याची वाट मोकळी नसते. दूध तयार करणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी जवळजवळ बंद असतात. चिकाच्या दुधाच्या पहिल्या काही दिवसांत हे सांधे थोडे सैल असतात, नंतर आवळले जातात आणि स्तनात जळजळ होऊन गाठ आली किंवा दूध तुटू लागले की पुन्हा सैल होतात. पाच महिने नियमित पाजणाऱ्या आईत ही भिंत चांगली बळकट असते. नॅनोकण दुधात उतरतात हे तुम्ही जे वाचले, त्यामागे बहुतेक उंदरांवरचे प्रयोग आहेत आणि ते खोटे नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दूध पाजणाऱ्या उंदरिणींना टायटॅनियम डायऑक्साइडचे कण दिले, तेव्हा अगदी लहान कणांमुळे ही भिंत सैल झाल्याचे दिसले. पण ते कण थेट शिरेत टोचलेले होते. तुमच्या शिरेत कोणी पावडर टोचत नाही. तुमच्या बाबतीत वाट आहे ती नाकाची, आणि फुप्फुसातून रक्तात पोहोचणारा कणांचा वाटा फारच थोडा असतो.

तरीही पावडरीला पहिले स्थान दिले आहे, कारण त्या धुळीचा पहिला फटका दुधाला नव्हे, तुमच्या स्वतःच्या फुप्फुसांना बसतो. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने ‘माणसात कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेला पदार्थ’ या गटात ठेवले आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०११ मध्ये साध्या बारीक कणांसाठी हवेच्या दर घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, तर अतिसूक्ष्म कणांसाठी केवळ ०.३ मिलिग्रॅम एवढी मर्यादा सुचवली. पदार्थ एकच असून आकार घटल्याबरोबर मर्यादा आठपटीने खाली येते, यावरून या कणांचा स्वभाव लक्षात यावा.

तुमच्या कामातला सर्वांत वाईट क्षण तोलण्याचा असेल असे वाटेल, पण बहुधा तो त्यानंतरचा असतो. चमच्याने पावडर काढून झाल्यावर आपण पिशवीचे तोंड आवळतो, आतली हवा दाबली जाते आणि पांढरा, जेमतेम दिसणारा फुत्कार नेमका चेहऱ्याच्या उंचीवर बाहेर पडतो. दिसतो तो त्यातला जाडसर भाग. न दिसणारा भाग हवेत बराच वेळ तरंगत राहतो. म्हणून पिशवी उघडणे, तोलणे आणि बंद करणे ही तिन्ही कामे फ्यूम हूडच्या, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटाच्या, आतच करा आणि सांडलेली पावडर कोरड्या ब्रशने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्या. हीच पावडर आधीच द्रवात कालवलेल्या रूपात मागवता येईल का, हे वरिष्ठांना विचारा; माझ्या मते सगळ्या मास्कांपेक्षा हा उपाय सरस आहे. मास्क वापरावा लागलाच, तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ निवडा. एवढे लहान कण मास्कमधून सहज आरपार जात असतील असा समज आहे, पण प्रत्यक्षात अडवायला सर्वांत कठीण असतात ते मधल्या आकाराचे कण. त्याहून लहान कण सैरभैर हालतात आणि तंतूंवर आदळून चिकटतात. दगा देते ती गालाजवळची फट.

बाळापर्यंत धूळ पोहोचण्याची खरी वाट दुधाची नसून कपड्यांची आहे. घरी आल्यावर बाळ पहिल्यांदा तोंड खुपसते ते तुमच्या मानेत आणि खांद्यावर. ॲप्रन कामाच्या जागीच ठेवा, आतला सदराही बदला आणि बाळाला घेण्यापूर्वी हात, चेहरा व मान साबणाने धुवा. कामावर दूध काढून ठेवत असाल, तर पंप आणि बाटल्या प्रयोगशाळेत नेऊ नका. काढलेले दूध ओतून देण्याचे मात्र काहीच कारण नाही.

सनस्क्रीनबद्दल थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जस्ताचा (म्हणजे झिंकचा) वेगळा ओळखू येणारा समस्थानिक, म्हणजे निराळ्या वजनाचा अणू, घातलेले सनस्क्रीन स्वयंसेवकांना समुद्रकिनारी पाच दिवस लावायला दिले होते. रक्तात आणि लघवीत त्या जस्ताचा केवळ अत्यल्प अंश आढळला. जस्त दुधात मुळातच असते आणि शरीर त्याचे प्रमाण आवरून धरते. क्रीम लावा, फक्त फवाऱ्याचे सनस्क्रीन टाळा, कारण फवारा श्वासात जातो. स्तनाग्रांवर आणि भोवतीच्या काळ्या वलयावर ते लावू नका; बाळ ते थेट चाटेल.

याच कारणासाठी चांदीचे पॅड नकोत. तिथे भिंतीचा प्रश्नच उरत नाही, कारण पॅड, ओलसर स्तनाग्र आणि बाळाचे तोंड यांच्यात काहीच अंतर नसते. चांदी जंतूंना मारते हे खरे आहे, पण निरोगी स्तनाग्राला आणि बाळाच्या तोंडाला जंतुनाशकाची गरज नसते. साधे सुती पॅड ओले झाले की बदलत राहा. चांदीचे कण घातलेले पाणी ‘प्रतिकारशक्तीसाठी’ पिण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. अशी औषधे सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले आहे.

आता बाटलीविषयी. कणांच्या भीतीने दूध तोडावे, तर बाळ कणांपासून सुटत नाही. डब्लिनमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत गरम पाण्याने दूध तयार करताना दर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्मकण सुटू शकतात आणि पाणी जितके गरम तितके कण अधिक. २०२२ मध्ये इटलीत ३४ मातांच्या दुधाची तपासणी झाली, तेव्हा २६ नमुन्यांत सूक्ष्मप्लॅस्टिक सापडले. म्हणजे आईचे दूधही निखळ नाही. पण त्या दुधासोबत बाळाला प्रतिपिंडे मिळतात, जी डब्यातल्या पावडरीतून मिळत नाहीत. सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे पूरक आहारासह दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन फार खाली गेल्यामुळे मला शिरेतून लोह दिले. ते औषध नॅनोकणांचे असते असे आता कळले. त्या दिवसांत मी पाजणे थांबवायला हवे होते का?

उत्तर : नाही. आयर्न सुक्रोजसारख्या औषधात लोहाच्या सूक्ष्म गाभ्याभोवती साखरेचे कवच असते, त्या अर्थी ते नॅनोकणच आहेत. पण यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांतील पेशी ते गिळून त्यातले लोह सुटे करतात आणि शरीर ते रक्तपेशी घडवण्यासाठी वापरते. टायटॅनियमसारखे ते तसेच पडून राहत नाही. या औषधांनंतर दुधात उतरणारे लोह नगण्य असते. हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या. थकवा अजून जात नसेल, तर त्याचे कारण तिथे सापडण्याची शक्यता जास्त आहे.