जाण्याआधी बाबांची फाईल उघडून बघा

कॅनडाला जायचं ठरतंय, आई-वडील गावीच राहणार, उद्या त्यांच्यापैकी कुणाचं बरंवाईट झालं तर मागची कागदपत्रं तिकडून निस्तरता येतात का, असं तुम्ही विचारलंत. पीआर म्हणजे तिथला कायमचा परवाना, घर, नोकरी यांबद्दल बाकीचे सांगतीलच. या प्रश्नाने मात्र काल रात्री मला झोप लागली नाही.

निस्तरता येतात. पण धावतं दुसरंच कुणीतरी. आमच्याकडे धाकटी बहीण धावली.

निघताना मी बाबांकडून मुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार, करून घेतलं होतं, तेवढ्यावर निर्धास्त होतो. ते गेले आणि बँकेत कळलं, की देणारा माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्रही संपतं. मग वारस म्हणून मी बहिणीच्या नावे नवं केलं, टोरंटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून. असं पत्र महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आम्हाला ते मुदत संपत आल्यावर समजलं.

खरा छळ नावाने केला. आधारवर ‘दत्तात्रय’, सातबाऱ्यावर ‘दत्तू’, पासबुकावर नुसती आद्याक्षरं. हे तिघे एकच, असं प्रतिज्ञापत्र एका बँकेने तीनदा परत पाठवलं. तिथे दहाला बँक उघडते तेव्हा हिवाळ्यात टोरंटोत रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. दिवा न लावता मी स्वयंपाकघरात फोन धरून बसायचो, बहिणीच्या मागे टोकनचे नंबर पुकारलेले ऐकू यायचे. एकदा ती म्हणाली, “दादा, साहेब विचारतायत, दुसरे वारस कुठे असतात?” ते अजून टोचतं.

तेव्हा आत्ताच बसा. सगळीकडचं नाव एकसारखं करून घ्या. आई-वडिलांचं खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवा, म्हणजे दोघांपैकी कुणीही, आणि एक गेल्यावर मागे राहिलेला ते चालवू शकतो. नॉमिनी लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे घेतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणून मृत्युपत्र हवंच. आमच्याकडे नव्हतं, वारस दाखल्यासाठी कोर्टात जावं लागलं, आणि तो कायदा १८२७ सालचा.

वडिलांचं सिम लगेच बंद पडू देऊ नका. आमचं रिचार्जअभावी बंद झालं, नाहीतर विम्याच्या हप्त्याच्या, ठेवीच्या मुदतीच्या मेसेजांवरून कुठे काय आहे ते कळलं असतं. एक ठेव आम्हाला शेवटी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर सापडली. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी तिथे शोधता येतात.

एकटेपणाचंही विचारलंत. त्याची सवय होते.

माझ्या शेवटच्या सुट्टीत जेवणं झाल्यावर बाबांनी कपाटातून फाईल काढून समोर ठेवली होती. नाडीची गाठ सोडत म्हणाले, “हे एकदा बघून घे.” मी म्हटलं, “असू द्या हो बाबा, पुढच्या खेपेला बघू.” मला तो विषयच नको होता. ते काही बोलले नाहीत, नाडी पुन्हा बांधून फाईल आत ठेवून आले.

ती नंतर बहिणीने उघडली. पहिल्याच पानावर त्यांच्या अक्षरात यादी होती, खाती, विमा, सगळं नंबरांसकट. तळाशी एकच ओळ नंबराविना होती: ‘जुनी ठेव – समक्ष सांगणे.’