उंदरांना मुद्दाम जंत का देतात?

प्रश्न : माझी लेक प्रयोगशाळेत उंदरांना जंतांचा संसर्ग देऊन संशोधन करते. ऐकून जीव कासावीस होतो. याची खरंच गरज आहे का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, मी याच कामातून निवृत्त झाले, त्यामुळे तुमची घालमेल कळते. गरज आहे, असंच माझं मत.

निप्पोस्ट्रॉन्गिलस हा उंदीर-घुशींचा गोलकृमी घ्या. त्याची वाट माणसाच्या अंकुशकृमीसारखीच. अळी कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशाशी येऊन गिळली जाते आणि आतड्यात वाढते. शेतात अनवाणी राबणाऱ्या बाईच्या शरीरात हा प्रवास टप्प्याटप्प्यानं तपासता येत नाही.

निरोगी उंदीर साधारण दहा दिवसांत हे जंत बाहेर टाकतो. आतड्याच्या अस्तरातल्या मोजक्या टफ्ट पेशींना जंतांची चाहूल लागते. त्या आयएल-२५ हे संदेशद्रव्य सोडतात, पुढे आयएल-१३ वाढतं, चिकट स्राव वाढतो, आतड्याचं आकुंचन जोर धरतं. टफ्ट पेशींची ही कामगिरी २०१६मध्ये उघड झाली, तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो! उलट हेलिग्मोसोमॉइडिस हा जंत उंदराची प्रतिकारशक्ती थोपवून महिनोन्महिने राहतो. त्यासाठी तो सोडत असलेली प्रथिनं दमा आणि आतड्याचा दाह यांवरच्या संशोधनात अभ्यासली जातात.

अल्बेंडाझोलची गोळी जंत मारते, पण पुन्हा होणारा संसर्ग रोखत नाही. लस हवी, तर शरीर जंतांशी कसं लढतं हे आधी कळायलाच हवं. आणि प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय तुमच्या लेकीला एकही प्रयोग करता येत नाही.