पुण्यातली रोडबाईक मुरुड-दापोली रस्त्याला चालेल का, की एमटीबीच घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात चार वर्षं रोडबाईक (बारीक टायरची, वेगाची सायकल) चालवलीत, आता दापोलीजवळच्या मुरुडला कायमचे राहायला आलात. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलने दापोली गाठायची आहे, रविवारी आंजर्ले किंवा दाभोळ. दुकानदार म्हणतो, कोकणात एमटीबीच, म्हणजे डोंगरातली जाड टायरची सायकलच लागते. बजेट ३० हजार.

मी याच तालुक्यात अकरा वर्षं सायकल चालवतोय, पावसाळ्यातसुद्धा. माझं सांगणं एवढंच, की रोड, हायब्रिड (या दोन्हींच्या मधली), एमटीबी ही नावं थोडी बाजूला ठेवा आणि दुकानात आधी दात मोजा. पुढच्या, पायडलजवळच्या सर्वांत लहान चकतीचे दात आणि मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे दात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १ च्या खाली आलं पाहिजे, ०.८ च्या आसपास आलं तर फारच चांगलं.

असं का, ते तुमच्याच रस्त्यावर पाहू. दापोली सुमारे ८०० फुटांवर आहे आणि मुरुडहून साधारण १२ किलोमीटर. सरासरी काढली तर चढ शेकडा २ येतो, म्हणजे काहीच नाही. पण आपले रस्ते सरासरीने चढत नाहीत. किनाऱ्याला माडा-पोफळीतून सपाट जातात आणि मग सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढायचं म्हटलं की एकदम उभे राहतात. आसूदच्या वळणांवर हे पहिल्याच दिवशी कळेल. दाभोळकडे निघालात तर कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असं खाली-वर, खाली-वर चालूच राहतं. पुण्यात सिंहगड चढला असाल, पण तो एकदा चढायचा आणि उतरायचा. इथे प्रत्येक खाडीला आणि प्रत्येक पऱ्ह्याला (ओढ्याला) उतरून पुन्हा चढायचं असतं, आणि पाय संपतात ते तिसऱ्या-चौथ्या चढावर.

तुमच्या रोडबाईकला बहुधा पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील. भागाकार १.२१. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं तर ताशी साधारण सव्वानऊ किलोमीटर वेग येतो. शेकडा १० च्या चढावर तो वेग टिकवायला चांगला तयार गडी लागतो. तो टिकला नाही की पायडल जड होतं, माणूस उभा राहून गुडघ्यांवर जोर काढतो, आणि दोन महिन्यांत गुडघे बोलायला लागतात. पुढे २८, मागे ३४ असलेल्या सायकलवर तेच ६० फेरे ताशी सव्वासहा किलोमीटरने नेतात. जोर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. हळू जाल, पण बसून जाल आणि वर पोचल्यावर बोलू शकाल.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर हायब्रिड, पण पुढे शॉकअप नसलेली. अॅल्युमिनियमची फ्रेम, रोडबाईकसारखं ७०० मापाचं चाक, ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर, केबलवाले डिस्क ब्रेक, पुढे तीन चकत्या. स्वस्त मॉडेलमध्ये मागे बऱ्याचदा १४-२८ ची (सर्वांत लहान १४, सर्वांत मोठी २८ दातांची) चक्री येते. घेतानाच ती काढून १४-३४ घालून मागा. साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा मागचा गिअरचा हात त्या चक्रीला पुरतो ना, तेवढं मेकॅनिकला विचारा.

शॉकअप नको असं मी जोर देऊन सांगतोय, कारण माझी पहिली सायकल त्याच मोहापायी घेतलेली. या किमतीतला शॉकअप म्हणजे दोन-अडीच किलोची स्प्रिंग. चढावर उभं राहिलात की तुमचा अर्धा जोर तीच खाते. आणि इथली हवा खारी. दिवसभर समुद्रावरून जमिनीकडे खारं वारं वाहतं, ते पडवीत उभ्या केलेल्या सायकलीलाही सोडत नाही. दुसऱ्या आगोटीपर्यंत, म्हणजे दुसऱ्या पावसाच्या तोंडापर्यंत माझ्या शॉकअपच्या नळ्या गंजून जाम झाल्या होत्या. त्याच सायकलीची फ्रेम लोखंडी आणि सीटचा दांडा अॅल्युमिनियमचा. दोन धातू आणि मीठ एकत्र आले की काय होतं ते तेव्हा समजलं: दांडा फ्रेममध्ये असा धरला की शेवटी कापावा लागला. अॅल्युमिनियमच्या फ्रेमलासुद्धा दांडा काढून वर्षातून दोनदा ग्रीस लावा. स्पोक स्टेनलेसचे आहेत का, हेही विचारून घ्या.

ब्रेकचं कारण पावसाचं आहे. रिमवर रबर घासणारे ब्रेक भर पावसात आधी पाणी पुसतात आणि मग धरतात. आसूदच्या उतारावर तेवढा वेळ मिळत नाही. वर चिरेखाणीच्या गाड्यांनी सांडलेली जांभ्याची लाल माती त्या रबरात बसली की रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. तेलावरचे डिस्क ब्रेक याहून चांगले धरतात, हे खरं. पण ते बिघडले तर तालुक्याच्या गावात दुरुस्त करणारा मिळेलच असं नाही. केबल तुम्ही स्वतः आवळू शकता.

मडगार्ड पूर्ण लांबीची लावा. जांभ्याचा डाग शर्टावरून जात नाही.

एमटीबी कोणी घ्यावी? ज्याचं घर कच्च्या रस्त्याला आहे, ज्याला रोज सड्यावरच्या काजूच्या बागेत जायचं आहे, त्याने खुशाल घ्यावी. तुमचा रस्ता डांबरी आहे, खड्डे धरूनही डांबरी. दोन इंचांचे गोटेदार टायर डांबरावर घरघरत जड चालतात, आणि परतीला हर्णैच्या बाजूने समोरून वारा लागला की ते आणखी जाणवतं.

वजनाबद्दल एक गोष्ट पुण्याच्या माणसाला सुचत नाही. आपल्याकडे घर रस्त्याला लागून असेलच असं नाही. तुमच्या घराला पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची पायवाट उतरून किंवा चढून जावं लागत असेल, तर सायकल रोज खांद्यावर घ्यायची आहे, आणि पावसात त्या चिऱ्यांवर शेवाळ असतं. दुकानात ती एकदा उचलून दहा पावलं चालून बघा. मी १३ किलोच्या वर जाणार नाही.

ओहोटीला मुरुडची पुळण कडक होते आणि सायकल घालावीशी वाटते. नव्या सायकलने नको. खारं पाणी एकदा हबच्या बेअरिंगमध्ये गेलं की नुसतं वरून धुऊन निघत नाही.

रोडबाईक विकू नका. मागे ३४ ची चक्री बसली तर भागाकार बरोबर १ होतो, आणि दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले की आंजर्ल्याच्या पुलापर्यंत सकाळी लवकर जायला तिच्यासारखी मजा नाही.

दुकानात गेलात की मॉडेल आवडो न आवडो, पुढचे-मागचे दात मोजून आकडे इथे लिहा. मी पाहून सांगतो.