‘गुणात्मक’ आणि ‘परिमाणात्मक’: हालचालींच्या विश्लेषणातील दोन संज्ञा

फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, जैवयांत्रिकीत, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात, माणसाच्या हालचालींचे ‘क्वालिटेटिव्ह’ आणि ‘क्वांटिटेटिव्ह’ असे दोन प्रकारचे विश्लेषण शिकवतात, त्यांना मराठीत ‘गुणात्मक’ आणि ‘संख्यात्मक’ म्हणावे का? ‘गुणात्मक’ म्हटल्यावर हालचाल चांगली की वाईट एवढेच ठरवायचे आहे, असा वाचकाचा समज होईल, अशीही शंका तिने व्यक्त केली आहे.

माझ्या मते पहिला शब्द तसाच ठेवावा आणि दुसऱ्याच्या जागी ‘परिमाणात्मक’ वापरावा.

शंका रास्त आहे, कारण मराठीत ‘गुण’ परीक्षेत मिळतो, औषधाचा येतो आणि माणसाच्या अंगीही असतो. तरीही शास्त्रीय लेखनात गुण म्हणजे वस्तूच्या ठायी असलेला धर्म, हा अर्थ जुना आणि रुळलेला आहे. रसायनशास्त्रातले ‘गुणात्मक विश्लेषण’ याच अर्थाने शिकवले जाते, तिथे क्षार चांगला की वाईट हे कोणी विचारत नाही. ‘गुणवत्ता विश्लेषण’ असे मात्र लिहू नये. तिथे दर्जाचा अर्थ खरोखरच शिरतो.

गुणात्मक विश्लेषण कसे असते, हे चालीच्या तपासणीत स्पष्ट दिसते. रुग्ण उजव्या पायावर भार देतो तेव्हा त्याच्या कमरेची डावी बाजू खाली झुकते, हे तपासनिसाला नुसत्या डोळ्यांनी कळते. उजव्या नितंबाचे, मांडी बाहेरच्या बाजूला नेणारे स्नायू अशक्त असल्याचे ते लक्षण असू शकते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. यात एकही आकडा नाही, पण काय पाहायचे, कोणत्या क्षणी पाहायचे आणि त्याचा अर्थ काय लावायचा, याची शिस्त आहे. अशा वर्णनासाठी मराठीजवळ लंगडणे, लचकणे, खुरडणे, फरफटणे, फेंगडे चालणे, झोकांड्या खाणे असे शब्द आहेत आणि यांतला प्रत्येक शब्द वेगळी चाल दाखवतो. अहवाल मराठीत लिहिताना ते संकोच न करता वापरावेत.

आता ‘संख्यात्मक’विषयी. संख्या आणि परिमाण या एकच गोष्टी नाहीत. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात गुणांची जी यादी दिली आहे, तीत संख्या आणि परिमाण हे दोन वेगवेगळे गुण म्हणून मोजले आहेत. (म्हणजे त्या परंपरेत परिमाणही गुणातच मोडते, आजच्या शास्त्रीय मराठीत आपण ही जोडी परस्परविरोधी अर्थाने वापरतो, हे ध्यानात असावे.) संख्या आणि परिमाण यांतला हा भेद फिजिओथेरपीत रोज उपयोगी पडतो. स्नायूंची ताकद तपासताना 0 ते 5 अशी श्रेणी देतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल झाली, पण वरून जराही विरोध सोसला नाही, तर श्रेणी 3. गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव टाळल्यावरच हालचाल झाली, तर 2. इथे आकडा आहे, पण मोजमाप नाही, कारण श्रेणी 4 चा स्नायू श्रेणी 2 च्या दुप्पट ताकदीचा असतो असे मुळीच नाही. याउलट 10 मीटर अंतर चालायला 8 सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला 1.25 मीटर, हे खरे परिमाण. त्याला एकक आहे आणि त्यावर गुणाकार-भागाकार करता येतो. पहिल्या नोंदीला ‘संख्यात्मक’ म्हणता येईल, ‘परिमाणात्मक’ म्हणता येणार नाही. शिवाय गणितात ‘संख्यात्मक विश्लेषण’ हे एका स्वतंत्र शाखेचे नाव आहे, ‘परिमाणात्मक’ म्हटल्याने तो घोळही टळतो.

दोन्ही पद्धती एकाच प्रसंगी कशा कामाला येतात, हे क्रिकेटमध्ये पाहावे. गोलंदाज कोपर सरळ करत चेंडू नियमाबाहेर फेकतो आहे अशी शंका मैदानावर पंचाला येते ती पाहूनच. पुढे प्रयोगशाळेत हातावर खुणा चिकटवून, अनेक कॅमेऱ्यांनी चित्रण करून, दंड आडवा झाल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ झाले ते अंशांत मोजतात. कोपर असे सरळ होण्याची मर्यादा 15 अंशांची आहे. अशी मोजमापे होऊ लागली तेव्हा ज्यांची शैली निर्दोष मानली जात होती, त्यांचेही कोपर काही अंश सरळ होते असे आढळले आणि मर्यादेचा फेरविचार करावा लागला. पंचाचे विश्लेषण गुणात्मक, प्रयोगशाळेचे परिमाणात्मक.

‘मात्रात्मक’ हा हिंदीत चालणारा शब्द मी सुचवणार नाही. मराठीत मात्रा म्हटले की वैद्याची किंवा छंदातली मात्रा आधी आठवते. रुग्णासाठी लिहिताना तर दोन्ही संज्ञांची गरज नाही. ‘चाल पाहून असे दिसले’ आणि ‘मोजल्यावर असे आढळले’ एवढे लिहिले तरी पुरते.