पेठेतला माल, लग्नाचा बस्ता आणि ‘प्रवेश बंद’ची पाटी

पुण्याच्या लक्ष्मी रस्ता, मंडई आणि आजूबाजूच्या पेठांतील वाहतूक निर्बंधांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : बुधवार पेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. सुरतेहून माल येतो. मोठा ट्रक दिवसा पेठेत येत नाही आणि रात्री हमाल मिळत नाहीत. माल शहराबाहेर अडकून ई-वे बिलाची मुदत संपली, तर काय करायचे?

ई-वे बिल म्हणजे वाहतुकीत मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. आधी त्याच्या मुदतीचा हिशेब पाहू. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. सुरत ते पुणे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीन दिवस. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. सोमवारी दुपारी काढलेले बिल त्यामुळे गुरुवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालते. एवढ्या अंतराला हा वेळ भरपूर आहे. मुदत संपते ती प्रवासात नाही, तर गोडाऊनमध्ये ‘उद्या बघू’ म्हणत माल पडून राहिल्यावर. संपायच्या आधी ८ तास आणि संपल्यावर ८ तास, एवढ्याच वेळात ती वाढवून घेता येते. वर सांगितलेल्या बिलाला ती गुरुवारी दुपारी ४ ते शुक्रवारी सकाळी ८ पर्यंत वाढवता येईल. हे काम त्या वेळी माल ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्सपोर्टवाल्याने करायचे असते. कारणांच्या यादीत ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत घालण्याचा, पर्याय असतो, तो निवडावा. मुदत संपलेल्या बिलावर माल पकडला गेला, तर कराच्या दुप्पट दंड भरून तो सोडवावा लागतो. इतक्या महाग पडणाऱ्या गोष्टीसाठी मोबाइलमध्ये गजर लावायला काय हरकत आहे?

आता ट्रकमधून टेम्पोत माल उतरवण्याबद्दल. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून तुमच्या दुकानापर्यंतचे अंतर राज्यातच आणि ५० किलोमीटरच्या आत असेल, तर या शेवटच्या टप्प्यासाठी बिलात टेम्पोचा नंबर बदलावा लागत नाही. मात्र ही सवलत गोडाऊनमधून निघालेल्या मालाला आहे. हायवेच्या कडेला ट्रकला टेम्पो लावून माल फिरवला, तर बिलाच्या भाग-ब मध्ये, म्हणजे वाहनाच्या तपशिलात, नवा नंबर टाकायलाच हवा. माल दोन-तीन टेम्पोंत विभागला, तर त्यासाठी एकापेक्षा जास्त वाहनांचा पर्याय आहे. काहीही असले तरी प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात इन्व्हॉइसची प्रत हवी.

खेपांचे गणितही मांडून बघा. एक गाठ ५० किलोची धरली, तर ६० गाठी म्हणजे ३ टन. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास नेतो, म्हणजे १५ गाठींच्या चार खेपा. दीड टनाच्या पिकअपला दोनच खेपा पुरतात. भाडे जास्त दिसले तरी पिकअप बरा, कारण पेठेत खर्च अंतराचा नसतो, दर खेपेला दारात उभे राहण्याचा असतो. गल्ली पिकअपला वळू देणार नाही इतकी अरुंद असेल, तरच छोटा हत्ती घ्या.

भरतानाच पुढचा विचार हवा. ज्या दुकानाचा माल आधी उतरायचा, त्याच्या गाठी शेवटी, फाळक्याजवळ भरायच्या. उलटे भरले, तर पहिल्याच दुकानापुढे दुसऱ्याच्या गाठी रस्त्यावर काढून परत चढवाव्या लागतात आणि मागे हॉर्न सुरू होतात. लक्ष्मी रस्ता पूर्वेकडून अलका चौकाकडे एकेरी आहे. नाना पेठेच्या बाजूने येणारा टेम्पो प्रवाहाबरोबर येतो. दुकान चुकले तर मागे येता येत नाही, पुन्हा वळसा घालावा लागतो. म्हणून टेम्पो शेवटच्या सिग्नलला आला की ड्रायव्हरने फोन करायचा आणि दोन हमाल फुटपाथवर तयार ठेवायचे. पंधरा गाठी दोघांनी दहा-पंधरा मिनिटांत उतरतात. हमाल शोधायला गेलात, तर तेवढाच वेळ आणखी जातो आणि दंडाची पावती बहुधा त्याच वेळी फाटते.

रात्रीच्या हमालीबद्दल आमचे मत सरळ आहे. एकट्या दुकानाने रात्रीचे हमाल ठेवणे परवडत नाही. एकाच गल्लीतल्या चार-पाच दुकानांनी आठवड्यातले दोन दिवस ठरवून पहाटेची वेळ वाटून घेतली, तर हमालीही वाटली जाते.

प्रश्न : ‘जड वाहनांना प्रवेश बंद’ या पाटीत माझा ४०७ टेम्पो येतो का?

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलके वाहन, ७,५०० ते १२,००० मध्यम आणि त्यापुढे जड. वजन आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेले पाहायचे. गाडी रिकामी आहे म्हणून ती हलकी होत नाही. नेहमीचा ४०७ हलक्यात बसतो.

पण एवढ्यावर निश्चिंत राहू नका. मुख्य पाटीखाली छोटी पाटी असते, तिच्यावर वेळ आणि कधी कधी ‘सर्व मालवाहू वाहने’ असे लिहिलेले असते. तसे असेल तर छोटा हत्तीसुद्धा अडतो. याच कायद्याच्या कलम ११५ खाली निघालेल्या वाहतूक निर्बंधाच्या आदेशात वाहनाचा प्रकार, रस्त्याचा तुकडा आणि वेळ दिलेली असते. महिन्याहून जास्त काळाचा निर्बंध राजपत्रात यावा लागतो. सणासुदीचे तात्पुरते आदेश याहून कमी मुदतीचे असतात आणि गणेशोत्सवात ते रोज बदलूही शकतात. गेल्या वर्षीचा कागद यंदा दाखवून उपयोग नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा आहे. सोबत ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत. गाडी कुठे लावावी?

शक्य असेल तर गाडी पेठेत आणूच नका. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ आणि मंडई स्थानकांवरून स्वारगेटपर्यंत जाते. मंडईतून लक्ष्मी रस्ता चालण्याच्या अंतरावर आहे आणि स्थानकात लिफ्ट आहे. सासूबाईंना तेवढेही चालवत नसेल, तर त्यांना घेऊन रिक्षाने दुकानाच्या दारात उतरा, बाकीचे मेट्रोने येतील.

गाडी आणायचीच असेल, तर मंडईजवळचे आर्यन किंवा मिसाळ वाहनतळ, नाहीतर नारायण पेठेतला हमालवाडा बघा. दुपारी बाराच्या आत पोहोचा. नदीपात्रात गाडी लावत असाल, तर पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू असल्याची बातमी आधी बघा. पाणी वाढले की तिथल्या गाड्या हलवायला सांगतात, आणि तुम्ही त्या वेळी शालूच्या घड्या उलगडत बसलेल्या असाल.

गल्लीत लावणार असाल, तर पी-१, पी-२ नीट वाचा. पी-१च्या बाजूला विषम तारखांना लावायचे, पी-२च्या बाजूला सम तारखांना. खरी फसगत महिनाअखेरीस होते. ३१ तारीख विषम आणि १ तारीखही विषम. म्हणजे सलग दोन दिवस पी-१च चालते. सवयीने १ तारखेला बाजू बदललेल्या गाड्या उचलल्या जातात. वर्षातून सात वेळा असे होते.

गाडी उचललीच, तर नो-पार्किंगचा दंड वेगळा आणि उचलण्याचा खर्च वेगळा द्यावा लागतो. पैसे भरण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून बंपर आणि आरशांचे फोटो काढा. नंतर दाखवलेला ओरखडा कोणी मान्य करत नाही.

आणखी एक. पेठेतली बरीच दुकाने सोमवारी बंद असतात. दुकानात आधी फोन करून मगच निघा.

प्रश्न : मी त्या रस्त्याला गेलोच नाही, तरी प्रवेशबंदीचे ई-चलन आले. भरून मोकळा होऊ का?

भरू नका. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला असे धरले जाते. महाट्रॅफिक अॅपवर चलन उघडून फोटो मोठा करून बघा : गाडीचा रंग, मॉडेल, नंबरातला ८ आणि ३, ठिकाण, वेळ. फरक दिसला तर आरसी आणि गाडीचा पुढून-मागून काढलेला फोटो जोडून तिथेच तक्रार नोंदवा. फोटोतली गाडी तुमच्याच मॉडेलची आणि नंबरही तोच असेल, पण स्टिकर किंवा बंपर वेगळा असेल, तर कोणी तुमचा नंबर वापरत असण्याची शक्यता आहे. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

आणि फोटोतली गाडी खरोखर तुमचीच निघाली, तर कलम बघा. प्रवेशबंदीची पाटी न पाळल्यास पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० पर्यंत. एकेरी रस्त्यावर उलटे जाणे मात्र २०१९च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. त्याला कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदही आहे. ‘पन्नास फूट तर जायचे होते’ हे कारण तिथे चालत नाही.

प्रश्न : लक्ष्मी रस्ता कायमचा वाहनमुक्त केला तर आमचे गिऱ्हाईक तुटेल का?

दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात. एका दिवसाच्या गर्दीवरून वर्षाचा अंदाज बांधू नका, कारण त्या दिवशी लोक रस्ता बघायलाही येतात. तुलना करायची, तर दिल्लीच्या चांदनी चौकाशी करा. लाल किल्ला ते फतेहपुरी हा सुमारे १.३ किलोमीटरचा पट्टा सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद आहे आणि तिथला माल त्या वेळेच्या बाहेर फिरतो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या आधी तुम्ही मालाच्या वेळेचा विचार करायला हवा. भांडी, फर्निचर, फ्रिज विकणाऱ्यांना त्रास होणारच, कारण गिऱ्हाईक तो माल हातात घेऊन जात नाही. त्यांनी घरपोच पोहोचवण्याची सोय आधी उभी करावी. कपडे, दागिने, चपलांच्या दुकानाला दारात लागलेल्या चार मोटारींपेक्षा पायी जाणारी चारशे माणसे केव्हाही फायद्याची.

असा आदेश तात्पुरता निघाला की त्यात बहुधा हरकती आणि सूचना मागवलेल्या असतात. तिथे ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहू नका. दिवसाला किती टेम्पो येतात, किती मिनिटे थांबतात आणि पहाटे किती ते किती वाजेपर्यंत मुभा हवी, हे दुकानांच्या सह्यांसह लिहून द्या.